खेळाडूने काय खावे?

गेल्या वर्षीच्या क्रीडासमारंभातील एक प्रसंग आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही. पंधराशे मीटरांच्या शर्यतीत नववीतील एक विद्यार्थी पहिले तीन फेरे सर्वांच्या पुढे होता. शेवटच्या फेऱ्यात त्याचे पाय एकाएकी जड झाले. एकामागून एक चौघे त्यास मागे टाकून गेले, आणि अंतिम रेषा पन्नास पावलांवर असता तो गुडघ्यांवर बसला. त्यास कडुनिंबाच्या सावलीत आणून निजविले, पाणी दिले, तोंडावरून ओला रुमाल फिरविला. थोडा सावरल्यावर आम्ही विचारले, "बाळ, सकाळी काय खाल्लेस?" तो म्हणाला, "सर, चहा घेतला." "आणि काल रात्री?" "भात, थोडासाच. अंग हलके राहावे म्हणून."

पुढे चौकशी करता निराळीच हकीकत कळली. बाजारात मिळणारा शक्तिवर्धक भुकटीचा मोठा डबा घ्यावा, म्हणजे आपणांस बळ येईल, असे त्यास कोणी सांगितले होते. तो डबा विकत घेण्यासाठी हा मुलगा दोन महिने मधल्या सुट्टीतील खाऊचे पैसे साठवीत होता, आणि सकाळ-संध्याकाळ धावण्याचा सराव मात्र चालूच होता. ज्या पैशांनी पोट भरावयाचे, ते पैसे पोट रिकामे ठेवून साठविले. आणि तेही बळ यावे म्हणून! हा दोष त्या मुलाचा नव्हे. आम्ही शिक्षकांनी त्यास धावावयास शिकविले, जेवावयास शिकविले नाही. ही उणीव काही अंशी भरून निघावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

शरीराचे सरपण

मांसपेशींच्या बळावर मनुष्य धावतो. तेव्हा मांसल पदार्थ खाल्ल्यानेच बळ येणार, ही समजूत फार जुनी आहे. क्रोटॉन नगरीचा प्रसिद्ध ग्रीक मल्ल मायलो दररोज ढीगभर मांस खात असे, अशी दंतकथा आहे. एकोणिसाव्या शतकातील थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्यांचेही मत असेच होते. श्रम करिताना मांसपेशींतील प्रथिन जळते व त्यातूनच शक्ती उत्पन्न होते, असे ते प्रतिपादन करीत.

ह्या मताची परीक्षा दोन प्राध्यापकांनी स्वतःच्या अंगावर घेतली. झुरिक येथील फिक व विस्लिसेनुस हे दोघे ता. ३० ऑगस्ट १८६५ रोजी स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न नावाचा पर्वत चढून गेले. चढ १,९५६ मीटरांचा होता. निघण्यापूर्वी सुमारे सतरा तासांपासून त्यांनी प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य केले होते. पिठूळ वड्या, चरबी, साखर अशा पदार्थांवरच त्यांनी निर्वाह केला. चढताना व नंतर त्यांनी आपले मूत्र जपून ठेविले, कारण शरीरात किती प्रथिन जळाले हे मूत्रातील नत्रावरून कळते. हिशेब केला तेव्हा असे दिसून आले की, जेवढे प्रथिन जळाले होते तेवढ्याच्या बळावर दोन देह इतक्या उंचीवर चढणे शक्यच नव्हते. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रँकलंड ह्यांनी प्रथिनांच्या ज्वलनातून निघणारी उष्णता प्रत्यक्ष मोजून हा निष्कर्ष पक्का केला. श्रमाचे सरपण मुख्यतः पिष्टमय व स्निग्ध पदार्थांचे असते, ही गोष्ट अशा रीतीने प्रस्थापित झाली.

ह्यांपैकी पिष्टमय पदार्थांची योग्यता कठीण श्रमात विशेष आहे. भाकरी, भात, पोळी, पोहे, रताळी, केळी, गूळ ह्या सर्वांची शरीरात शेवटी साखर होते. तिचा काही भाग ग्लायकोजेन ह्या रूपाने मांसपेशींत व यकृतात साठविला जातो. प्रौढ मनुष्याच्या मांसपेशींत हा साठा सुमारे ४०० ग्रॅम व यकृतात सुमारे १०० ग्रॅम असतो. लहान मुलाचा अर्थातच कमी. जोराच्या व सततच्या श्रमात हा साठा दीड-दोन तासांत बहुतेक सरतो. अंगावरील चरबीचा साठा पुष्कळ मोठा असतो, परंतु ती सावकाश जळते. सरपणाशी तुलना करावयाची तर चरबी म्हणजे ओला ओंडका आणि ग्लायकोजेन म्हणजे वाळक्या काटक्या होत. वेगाने धावणाऱ्यास काटक्याच लागतात.

अमेरिकेतील बोस्टन शहरी १९२४ साली मॅरेथॉन शर्यत संपताच वैद्यांनी काही धावपटूंचे रक्त तपासले. जे अगदी गळून गेले होते, त्यांच्या रक्तातील साखर फार खाली गेलेली आढळली. पुढील वर्षी, म्हणजे १९२५ साली, त्यांना आदल्या दिवशी पिष्टमय अन्न भरपूर खावयास सांगितले व धावताना साखरेच्या गोळ्या चघळावयास दिल्या. ह्या वेळी त्यांच्या रक्तातील साखर टिकली व प्रकृतीही पुष्कळ चांगली राहिली. आमच्या त्या नववीतील मुलाने ह्याच्या नेमके उलट केले होते. अंग हलके करण्याच्या नादात त्याने चूलच विझवून टाकिली.

श्रमानंतरच्या जेवणाविषयीही एक मनोरंजक प्रयोग आहे. स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम व हल्टमन ह्या दोघा वैद्यांनी १९६६ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. ते दोघे एकाच सायकलयंत्राच्या दोन बाजूंस बसले, व प्रत्येकाने एकाच पायाने थकेपर्यंत पायटे मारले; दुसऱ्या पायास विसावा. नंतर तीन दिवस दोघांनी पिष्टमय अन्न भरपूर घेतले. थकलेल्या पायात ग्लायकोजेनचा साठा विसावलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला! अन्न एकच, रक्त एकच, मनुष्यही एकच. परंतु ज्या अवयवाने श्रम केले त्यानेच अधिक घेतले. श्रमलेली मांसपेशी ही भुकेलेल्या लेकरासारखी असते. त्या वेळी तिला उपाशी ठेविणे म्हणजे सरावाचे अर्धे फळ फुकट घालविणे होय.

विटा आणि गवंडी

मग प्रथिनांचे काय काम? सरपण हे त्यांचे मुख्य काम नसून दुरुस्ती व बांधणी हे त्यांचे काम आहे. व्यायामात मांसपेशींचे सूक्ष्म तंतू झिजतात, व विश्रांतीच्या वेळी ते पूर्वीपेक्षा बळकट करून बांधले जातात. ह्या बांधकामाच्या विटा म्हणजे प्रथिने. परंतु नुसत्या विटा अंगणात आणून टाकिल्याने भिंत उभी राहत नाही. गवंडी लागतो, आणि तो गवंडी म्हणजे व्यायाम होय. गरजेपेक्षा अधिक खाल्लेले प्रथिन जळून जाते किंवा त्याची चरबी होते. उलटपक्षी, ज्याच्या जेवणात पिष्टमय पदार्थच अपुरे आहेत, त्याचे शरीर प्रथिनेच जाळू लागते. चुलीत घालावयास सरपण उरले नाही म्हणजे घरचा पाट फोडून जाळावा लागतो, तसाच हा प्रकार.

सामान्य प्रौढ मनुष्यास दर किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिन पुरते. नियमित कसून सराव करणाऱ्यास १.२ ते २ ग्रॅमपर्यंत लागते. ५० किलो वजनाच्या मुलास कमीत कमी ६० ग्रॅम धरू. आता आपल्या घरच्या ताटाचा हिशेब पाहा. ज्वारीच्या चार मध्यम भाकऱ्यांत सुमारे २० ग्रॅम, १०० ग्रॅम तांदळाच्या भातात ७, वाटीभर घट्ट वरणात ७, वाटीभर मटकीच्या उसळीत ८, ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२ आणि पाव लिटर दुधात ८ ग्रॅम प्रथिन असते. एकूण ६२ ग्रॅम झाले. एक अंडे खाल्ल्यास आणखी ६. ज्यास दूध परवडत नाही त्याने मूठभर फुटाणे खावे. तूट बहुतेक भरून निघते. ह्याच दिवशी सकाळी बशीभर पोहे व एक केळे घेतले, तर पिष्टमय पदार्थांची बेरीजही ३०० ग्रॅमच्या पुढे जाते. रोज तासभर सराव करणाऱ्या ५० किलोच्या मुलास साधारणपणे २५० ते ३५० ग्रॅम लागतात. मासे-मटण ज्यांच्या घरी होते त्यांनी ते अवश्य खावे. मात्र त्यावाचून अडते असे नाही.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळींत विपुल असतो; डाळींत मेथिओनिन कमी असते, ते धान्यांत असते. वरणभात, भाकरी व उसळ, खिचडी ह्या जोड्या आमच्या आजीबाईंनी रसायनशास्त्र न शिकताही अचूक जमविल्या आहेत! दानीएल व त्याचे तीन मित्र ह्यांची गोष्ट शास्त्राच्या तासाला सर्वांनी ऐकलीच आहे. राजाच्या पंक्तीचे मिष्टान्न व द्राक्षारस नाकारून त्यांनी दहा दिवस साधे शाकान्न व पाणी घेतले, आणि तरी ते इतरांहून सतेज दिसले. तो त्यांच्या श्रद्धेचा विषय होता. आहारशास्त्राचा धडा म्हणून ती गोष्ट लिहिलेली नाही. तथापि साधे ताट म्हणजे हीन ताट नव्हे, एवढे तिच्यापासून कोणीही शिकावे.

पाणी व मीठ

घाम येतो तो शरीर थंड ठेवण्यासाठी. घामावाटे वजनाच्या शेकडा दोन इतके पाणी गेले, म्हणजे ५० किलोच्या मुलाचे एक किलो वजन उतरले, तरी दमछाक लवकर होऊ लागते. खेळताना पाणी पिऊ नये, असा कित्येकांचा जुना दंडक आहे. तो चुकीचा आहे. तहान लागली असता थोडथोडे पाणी अवश्य प्यावे. सरावापूर्वी व नंतर वजन करून पाहावे. जितके किलो उतरले असेल, त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढील काही तासांत हळूहळू प्यावे व त्याबरोबर मीठ घातलेले जेवण घ्यावे. लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडत आहे असे समजावे.

परंतु ह्याचाही अतिरेक नको. बोस्टनच्याच शर्यतीत २००२ साली ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा तेरा जणांच्या रक्तातील सोडियम नेहमीच्या मर्यादेखाली उतरलेले आढळले. वाटेत गरजेपेक्षा फार पाणी प्यावयाचे व वजन उलट वाढवून घ्यावयाचे, हे त्याचे प्रमुख कारण होते. मॅरेथॉनसारख्या लांब पल्ल्याच्या श्रमात ही खबरदारी घ्यावी लागते.

मीठ व साखर ही दोन्ही एकत्र असली म्हणजे आतड्यांतून एकमेकांच्या साहाय्याने रक्तात लवकर शिरतात व आपल्याबरोबर पाणीही ओढून नेतात. ह्याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण मीठ-साखरेच्या पाण्याने वाचविले. खेळाडूस रोग्याइतकी निकड नसते; तरी उन्हात दोन तास खेळल्यावर चिमूटभर मीठ घातलेले लिंबाचे सरबत, किंवा मीठ घातलेले ताक व जोडीस गुळाचा खडा, हे रंगीत बाटलीतील महागड्या पेयाच्या तोडीचे ठरते.

वेळ साधणे

काय खावे इतकेच केव्हा खावे हेही महत्त्वाचे आहे. पोटभर जेवण खेळापूर्वी तीन-चार तास आधी व्हावे. तास-दीड तास आधी एखादे केळे, थोडे पोहे किंवा पोळी-गूळ असे हलके काही घ्यावे. वडे, भजी ह्यांसारखे तळकट पदार्थ पोटात रेंगाळतात. ते त्या वेळी वर्ज्य करावेत. सामन्याच्या दिवशी कधी न खाल्लेला पदार्थ प्रथमच खाऊन पाहू नये. तो प्रयोग सरावाच्या दिवशी करावा. खेळ संपल्यावर, विशेषतः दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावयाचे असल्यास, तासाभराच्या आत काही तरी खावे: दूध-केळे, गूळ-शेंगदाणे, चुरमुरे-फुटाणे, उसळ-पाव. आणि रात्री लवकर निजावे. तुमच्या वयास आठ ते दहा तासांची झोप लागते. अन्नाने आणून दिलेल्या विटा झोपेतच रचल्या जातात. मध्यरात्रीपर्यंत हातातील पडद्याकडे टक लावून बसणाऱ्याचे बांधकाम अर्धवट राहते.

जे विद्यार्थी एकादशी, रोजे अथवा चाळीसदिवस श्रद्धेने पाळितात, त्यांनी क्रीडाशिक्षकांस आधी सांगावे, म्हणजे त्या दिवसांत हलका सराव देता येईल. सांगण्यात संकोच नको.

मुलींसाठी दोन शब्द

आमच्या विद्यार्थिनी आता कबड्डी, खो-खो व धावण्यात मुलांच्या मागे नाहीत. परंतु कित्येक घरांत मुलगी सर्वांस वाढून मग जेवते, आणि तिच्या ताटात उरलेले येते. रक्तात लोह कमी पडले म्हणजे प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. मग सराव कितीही केला तरी दम टिकत नाही. मासिक धर्मामुळे मुलींस लोहाची गरज अधिक असते. पालेभाज्या, कडधान्ये, तीळ, बाजरी ह्यांत लोह असते. मांस व यकृत ह्यांतील लोह शरीरात अधिक सहज शोषले जाते. भाजी-उसळीवर लिंबू पिळावे, आवळा किंवा पेरू खावा. त्याने वनस्पतींतील लोहाचे शोषण वाढते. चहाने ते कमी होते, म्हणून जेवणाबरोबर चहा नको. तासाभराचे अंतर असावे. हाडांच्या बळकटीसाठी दूध व नाचणी उत्तम. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

फार श्रम व फार थोडे अन्न असे चालू राहिल्यास मुलींचा मासिक धर्म अनियमित होतो किंवा थांबतो, व हाडे ठिसूळ होतात. मुलांसही निराळ्या रीतीने अपाय होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली ह्या विकाराकडे सर्वांचे लक्ष वेधले. असे लक्षण दिसताच आईस अथवा बाईंस सांगावे व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ह्यात लाजण्यासारखे काही नाही.

डबा आणि तराजू

आता त्या भुकटीच्या डब्याविषयी. बहुतेक डब्यांत दुधापासून किंवा सोयाबीनपासून काढलेले प्रथिनच असते, आणि ते दूध, डाळ व शेंगदाण्यांतून स्वस्तात मिळते. काही डब्यांत मात्र वेष्टनावर न लिहिलेली निषिद्ध द्रव्येही आढळली आहेत. उत्तेजक द्रव्यांविरुद्धची जागतिक संस्था १९९९ साली स्थापन झाली. तिच्या नियमानुसार खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्यास तोच जबाबदार. "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर चालत नाही. तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्यावाचून असा डबा घेऊ नये.

कुस्तीच्या मुलांनी आणखी एक मोह टाळावा. खालच्या वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे, उबदार कपडे घालून घाम काढणे, जेवण सोडणे, हे प्राणाशी खेळणे होय. १९९७ साली अमेरिकेत महाविद्यालयीन तीन मल्ल अशाच प्रयत्नात सुमारे पाच आठवड्यांच्या अवधीत मरण पावले. वाढत्या वयात जे वजन स्वाभाविक असेल त्याच गटात लढावे. तालमीतील पहिलवानांचा दूध, तूप, बदामांचा खुराक ऐकून हुरळूनही जाऊ नये. तो खुराक त्यांच्या कित्येक तासांच्या मेहनतीचा जोडीदार आहे. आणि थोर मल्ल म्हणजे अवाढव्य देहच असे नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले, ते ५७ किलोपर्यंतच्या गटात.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिताना मल्ल व धावणारे ह्यांच्या संयमाचा दाखला दिला आहे. त्या नगरीजवळच दर दोन वर्षांनी मोठे खेळ होत, तेव्हा वाचणाऱ्यांस तो दाखला सहज पटला असेल. संयम म्हणजे उपाशी राहणे असा त्याचा अर्थ आम्ही पुष्कळदा घेतो. योग्य वेळी, योग्य तेवढे, नियमाने खाणे हाही संयमच आहे, आणि तो उपासाहून सोपा नाही.

त्या मुलाविषयी सांगावयाचे राहिले. साठविलेल्या पैशांचा डबा त्याने घेतला नाही. त्यातून शेंगदाणे, गूळ व फुटाणे आले, आणि उरलेले पैसे त्याने आईस परत दिले. ह्या वर्षी त्याच शर्यतीत तो तिसरा आला. शर्यत संपल्यावर तो हसत उभा होता, हे आम्हांस पदकाहून अधिक वाटले. परंतु त्याहूनही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सरावानंतर तो आपली शेंगदाण्यांची पुरचुंडी उघडतो, तेव्हा चहावर आलेल्या दुसऱ्या एका मुलास जवळ बसवून घेतो.

पाच जवाच्या भाकरी व दोन मासळ्या जवळ असलेल्या एका मुलाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. त्याने डबा झाकून ठेविला नाही. विद्यार्थिमित्रहो, आपण नीट जेवा. आणि जेविताना शेजारच्याच्या डब्यात काय आहे, तेही एकदा पाहा.